घरगुती संगणकावरील लिनक्सची स्थापना : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९१ ते २०२५)

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासात यंत्रांचे निर्माते, मोठ्या कंपन्या आणि महत्त्वाचे शोध यांची नोंद विपुल प्रमाणात आढळते. त्या मानाने सामान्य माणसाने आपल्या घरातील संगणकावर स्वतःच्या हाताने कार्यप्रणाली बसविली, या कृतीकडे इतिहासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः ही कृती लहान नाही. संगणक सुरू होताच त्यावर कोणाचा प्रोग्राम चालणार, हे ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, विक्रेत्याचा की मालकाचा, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. लिनक्सचा परवाना हा अधिकार मालकाला देतो. परंतु कागदावर मिळालेला अधिकार आणि घरातील टेबलावर प्रत्यक्ष बजावता येणारा अधिकार यांत अंतर असते. हे अंतर कसे कमी झाले आणि कोठे शिल्लक राहिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१. घरगुती संगणकावर लिनक्स स्थापन करण्याच्या पद्धतीत १९९१ पासून झालेल्या बदलांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. या बदलांमुळे वापरकर्त्याच्या ज्ञानाचे व अधिकाराचे स्वरूप कसे पालटले, ते तपासणे.
३. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने भाषा व लिपी यांचे स्थान स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘लिनक्स बसविणे अवघड असल्यामुळे ते घराघरांत पोहोचले नाही’ हे प्रचलित मत गृहीतक म्हणून स्वीकारून घटनाक्रमाच्या आधारे त्याची परीक्षा केली आहे.

पार्श्वभूमी :

रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, परंतु वापरण्यास, अभ्यासण्यास, बदलण्यास व इतरांना देण्यास मोकळी असलेली कार्यप्रणाली तयार करणे हा त्यांचा हेतू होता. १९९१ पर्यंत या प्रकल्पातून कंपायलर, संपादक व इतर अनेक साधने तयार झाली होती. मात्र या सर्वांना आधार देणारा गाभा, म्हणजे कर्नेल, पूर्ण झालेला नव्हता.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक विकत घेतला. त्यावर ते मिनिक्स वापरीत असत. मिनिक्स ही अँड्र्यू टॅननबाउम यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तयार केलेली व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली कार्यप्रणाली होय. २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपण छंद म्हणून एक नवी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे मिनिक्स वापरणाऱ्यांना कळविले आणि सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती उपलब्ध करून दिली. ही आवृत्ती स्वतःच्या पायावर उभी नव्हती. ती कंपाइल करण्यासाठी संगणकावर आधी मिनिक्स असणे आवश्यक होते. म्हणजेच लिनक्सची पहिली स्थापना दुसऱ्या कार्यप्रणालीच्या आश्रयाने झाली.

येथे परवान्यातील एका बदलाची नोंद घेणे आवश्यक ठरते. टोरवाल्ड्स यांचा मूळ परवाना लिनक्सच्या वितरणासाठी पैसे घेण्यास मनाई करणारा होता. १९९२ मध्ये त्यांनी जीएनयूचा जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, स्वीकारला. या परवान्यानुसार प्रत देताना मोबदला घेता येतो, मात्र प्रत घेणाऱ्याचे वाचण्याचे, बदलण्याचे व पुढे देण्याचे अधिकार हिरावून घेता येत नाहीत. फ्लॉपी उतरवून देणारे, सीडी विकणारे, पुस्तकासोबत सीडी देणारे प्रकाशक आणि पुढे लिनक्सवर उभ्या राहिलेल्या कंपन्या यांचा मार्ग या बदलाने मोकळा झाला. घरापर्यंत लिनक्स नेणारे हात या परवान्याने निर्माण केले, असे म्हणता येईल.

फ्लॉपींचा कालखंड (१९९१ ते १९९५) :

प्रारंभी एच. जे. लू यांनी तयार केलेल्या दोन फ्लॉपींवर काम भागविले जाई. पहिल्या फ्लॉपीने कर्नेल सुरू होई व दुसरीवर आवश्यक साधने असत. हार्ड डिस्कवरून लिनक्स सुरू करावयाचे असल्यास डिस्कच्या प्रारंभीची नोंद हेक्स एडिटरने हाताने बदलावी लागे. एक अंक चुकल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका होता. अशा वापरकर्त्यास ‘ग्राहक’ म्हणणे अयोग्य ठरेल. तो एका अर्थाने सहनिर्माताच होता.

फेब्रुवारी १९९२ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटर येथील ओवेन ले ब्लँक यांनी ‘एमसीसी इंटेरिम लिनक्स’ प्रसिद्ध केले. त्यात प्रथमच मेनूच्या साहाय्याने स्थापना करण्याची सोय होती. सुट्या प्रोग्रामांची जुळवाजुळव कोणीतरी एकदा करावी व इतरांनी ती तयार स्वरूपात घ्यावी, या कल्पनेतून ‘वितरण’ ही संस्था आकारास आली. त्याच वर्षी पीटर मॅकडोनाल्ड यांचे एसएलएस हे वितरण आले. त्यातील उणिवांमुळे असमाधानी असलेल्यांपैकी पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले, तर इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. ही दोन्ही वितरणे आजही चालू आहेत.

स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती साडेतीन इंची २४ फ्लॉपींची होती. एका फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट या हिशेबाने संपूर्ण संच सुमारे ३५ मेगाबाइटचा होतो. डॉसमधील रॉराइट या प्रोग्रामने एकेक फ्लॉपी लिहावी, ती क्रमाने घालावी आणि विसाव्या फ्लॉपीवर वाचनदोष आल्यास ती पुन्हा लिहून आणावी, असा तो परिपाठ होता. हार्ड डिस्कचे विभाग पाडताना जुनी माहिती नष्ट होण्याची भीती असे. चित्रमय पडदा सुरू करण्यासाठी मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारितेचे आकडे द्यावे लागत. चुकीच्या आकड्यांनी जुना मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा मार्गदर्शिकांत आवर्जून दिलेला असे.

या अडचणींतून एक नवी ज्ञानपरंपराही निर्माण झाली. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट या उपक्रमातून ‘हाउटू’ नावाच्या मार्गदर्शिका तयार झाल्या. मॅट वेल्श यांनी स्थापनेविषयी लिहिलेल्या मार्गदर्शिकेचा त्या काळी मोठा आधार होता. आपण अडखळलो तेथे पुढचा अडखळू नये, या भावनेने वापरकर्ते स्वतः लिहू लागले. हे साहित्य म्हणजे या कालखंडाची महत्त्वाची ऐतिहासिक साधने होत.

सीडी व चित्रमय इन्स्टॉलर (१९९५ ते २०००) :

यग्ड्रासिल या वितरणाने १९९२ च्या अखेरीसच सीडीचा मार्ग दाखविला होता. तथापि घरगुती संगणकात सीडी ड्राइव्ह रुळल्यानंतरच त्याचा खरा उपयोग झाला. भारताच्या संदर्भात तर सीडीचे महत्त्व अधिकच होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. परंतु टेलिफोनच्या तारेवरून ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरविण्यास, ५६ किलोबिट प्रति सेकंद या पुढील काळातील कमाल वेगाने व एकदाही जोडणी न तुटता, पंचवीस तासांहून अधिक वेळ लागला असता. इंटरनेट व टेलिफोन यांचा दुहेरी खर्च लक्षात घेता हे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे पीसीक्वेस्ट या भारतीय मासिकाने अंकासोबत दिलेल्या लिनक्सच्या सीडी ही अनेकांची पहिली ओळख ठरली. एकाने मासिक घ्यावे व मित्रमंडळात सीडी फिरावी, हा व्यवहार परवान्यानुसार पूर्णपणे कायदेशीर होता, ही बाब लक्षणीय होय.

सीडीने फ्लॉपी बदलण्याचा त्रास संपविला, पण बाकीचे प्रश्न राहिले. विंडोज व लिनक्स एकाच डिस्कवर नांदवायचे असल्यास फिप्ससारख्या साधनाने विंडोजचा विभाग लहान करावा लागे. संगणक सुरू करून देणाऱ्या लिलो या प्रोग्रामला कर्नेल डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आतच हवे असे. मोठ्या डिस्कवर ही अट न पाळल्यास संगणक सुरू होत नसे. लिलो आपल्या नावाची चार रोमन अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवीत असे. ती कितव्या अक्षरावर अडली, यावरून जाणकार दोषाचे निदान करीत.

आणखी एक अडचण मोडेमची होती. खर्च वाचविण्यासाठी तयार केलेल्या ‘विनमोडेम’ प्रकारात मोडेमचे बरेचसे काम विंडोजमधील सॉफ्टवेअर करीत असे व त्याची तांत्रिक माहिती उत्पादक सहसा देत नसत. परिणामी लिनक्स व्यवस्थित बसूनही घरचा संगणक इंटरनेटला जोडला जात नसे, आणि अडचणीवरील उत्तर मात्र इंटरनेटवर असे.

१९९९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी कॅल्डेरा कंपनीने ओपनलिनक्सच्या २.२ या आवृत्तीसोबत ‘लिझर्ड’ हा चित्रमय इन्स्टॉलर दिला. फायली उतरत असताना वापरकर्त्याला टेट्रिस खेळण्याची सोय त्यात होती. हा तपशील वरवर गमतीचा वाटला तरी सूचक आहे. सहा-सात वर्षांपूर्वी जी व्यक्ती हेक्स एडिटर घेऊन बसत होती, तिला आता वाट पाहण्याखेरीज काम उरले नव्हते. त्याच वर्षी रेड हॅटच्या ६.१ आवृत्तीतही चित्रमय इन्स्टॉलर आला.

लाइव्ह सीडी ते उबुंटू (२००० ते २०१०) :

जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये क्नॉपिक्स प्रसिद्ध केले. हे वितरण हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालत असे. संगणकातील भाग ओळखण्याचे कामही ते आपोआप करीत असे. स्थापनेपूर्वी चाचणी घेता येणे ही घरगुती वापरकर्त्यासाठी मोठी गोष्ट होती, कारण घरचा संगणक बहुधा एकच असे व त्यात सर्व कुटुंबाची माहिती असे.

दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने २० ऑक्टोबर २००४ रोजी उबुंटूची ४.१० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. मागणी करणाऱ्यास जगभर घरपोच विनामूल्य सीडी पाठविण्याची त्यांची योजना २०११ पर्यंत चालू होती. जून २००६ मधील ६.०६ आवृत्तीपासून लाइव्ह सीडीवरूनच मोजक्या पडद्यांत स्थापना करता येऊ लागली. भाषा, वेळविभाग, कीबोर्ड, डिस्क, नाव व पासवर्ड एवढेच प्रश्न उरले. वेळविभागाच्या यादीत भारतासाठी एकच नोंद असल्याने मुंबई शोधणाऱ्यास कोलकाता निवडावे लागे, आणि आजही लागते. असा किरकोळ अपवाद सोडला तर प्रक्रिया सामान्य माणसाच्या आवाक्यात आली होती.

जे येथे सुलभ झाले ते नाहीसे झाले नव्हते, ही बाब ध्यानात घ्यावयास हवी. विभाग पाडणे, कर्नेल योग्य जागी ठेवणे, मॉनिटर ओळखणे ही कामे पूर्वीइतकीच होत होती. फरक इतकाच की त्यासाठीचे ज्ञान वापरकर्त्याकडून इन्स्टॉलरकडे गेले. हजारो लोकांच्या चुका व दुरुस्त्या त्या काही पडद्यांमागे साठल्या होत्या. मात्र बिघाड झाल्यास तो समजण्याची वापरकर्त्याची क्षमताही त्याच प्रमाणात घटली.

देवनागरी व मराठीचा प्रश्न :

स्थापनेचा पहिलाच पडदा भाषा विचारतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक मूलभूत अडचण होती. लिनक्सचा जुना अक्षराधारित पडदा एका वेळी २५६, फार तर ५१२ चिन्हे दाखवू शकतो व प्रत्येक चिन्ह ठरावीक चौकटीत बसवितो. देवनागरीत ‘कि’ मधील ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व साठवणीत व्यंजनानंतर, पण लिखाणात आधी येते. ‘क्ष’, ‘त्र’ यांसारख्या जोडाक्षरांत दोन वर्ण मिळून तिसरेच रूप होते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र हे तर मराठीचे खास वैशिष्ट्य आहे. हे सर्व अशा चौकटीत बसणे शक्य नव्हते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु संकेत मिळणे आणि अक्षर पडद्यावर शुद्ध उमटणे यांतही परवाना व स्थापना यांच्याइतकेच अंतर होते.

हे अंतर अनेकांच्या श्रमांनी कमी झाले. इंडलिनक्स या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी भारतीय भाषांसाठी काम केले. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले, त्यांत मराठीचाही समावेश झाला. कंपनीच्या पुणे येथील कार्यालयात भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे काम चालत असे. एप्रिल २००७ मधील डेबियन ४.० मध्ये चित्रमय इन्स्टॉलर आला आणि त्यामुळे जोडाक्षरे असलेल्या लिप्यांना वाट मिळाली. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ५.० च्या इन्स्टॉलरमध्ये मराठीचा समावेश झाला. त्या आवृत्तीची स्थापना ६३ भाषांतून करता येत होती. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवरच आधारलेली होती.

या भाषांतरांमागे व्यापारी हिशेब क्वचितच होता. पार्टिशनला फाळणी म्हणावे, विभाजन म्हणावे की पार्टिशनच राहू द्यावे, अशा प्रश्नांवर विचार करणारे बहुतेक लोक विनामोबदला काम करीत होते. मराठीत परिभाषा घडविण्याच्या दीर्घ प्रयत्नांच्या इतिहासात या कामाची नोंद व्हावयास हवी.

गृहीतकाची परीक्षा :

वरील आढाव्यावरून असे दिसते की २००६ च्या सुमारास लिनक्सची स्थापना विंडोज नव्याने बसविण्यापेक्षा फारशी अवघड राहिली नव्हती. तरीही घरगुती संगणकांत लिनक्सचा वाटा लहानच राहिला. ‘अवघड म्हणून पोहोचले नाही’ हे स्पष्टीकरण पहिल्या दशकाला लागू पडते, पुढील काळाला नाही.

याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइड या मोबाइल प्रणालीचा गाभा लिनक्स कर्नेलच आहे. जे कुटुंब लिनक्सचे नावही जाणत नाही, त्याच्या हातात ते दिवसभर असते. तेथे कोणीही काही स्थापन केले नाही, ते विक्रीपूर्वीच बसविलेले होते. यावरून खरा निर्णायक घटक स्थापनेची काठिण्यपातळी नसून यंत्र विकताना त्यावर काय असते, हा आहे, असे म्हणावे लागते. बहुसंख्य लोक कार्यप्रणाली निवडत नाहीत, ती त्यांना यंत्रासोबत मिळते.

भारतात याला आणखी दोन पदर आहेत. लिनक्स विनामूल्य असणे हा येथे मोठा लाभ ठरावयास हवा होता. कमी किमतीच्या काही लॅपटॉपवर उबुंटू घालून विक्रीही झाली. परंतु विंडोजची विनापरवाना प्रत बाजारात सहज मिळत असल्याने किमतीतील हा फरक ग्राहकाला जाणवलाच नाही. दुसरे असे की २००१ नंतर महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लक्षावधी लोकांना संगणकाची ओळख झाली व ती प्रामुख्याने विंडोजच्या माध्यमातून झाली. संगणक साक्षरतेच्या प्रसारातील या अभ्यासक्रमाचे कार्य निर्विवाद आहे. तथापि ‘संगणक’ व ‘विंडोज’ हे शब्द समानार्थी वाटू लागले, हाही त्याचा एक परिणाम होय.

नवी कुलुपे, नवी संधी (२०१२ ते २०२५) :

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था घरगुती संगणकांत रूढ झाली. संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर मान्यताप्राप्त डिजिटल स्वाक्षरी असावी, ही तिची अट आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येते. पण यंत्रात आधीपासून असलेली मान्यता मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या किल्लीला असल्याने लिनक्सच्या प्रमुख वितरणांना ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रामवर त्याच कंपनीची स्वाक्षरी घ्यावी लागली. परवाना मुक्त, यंत्र मालकाचे, पण दाराची किल्ली तिसऱ्याकडे, अशी ही स्थिती होय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतील अनेक संगणक अधिकृतपणे पुढे नेता येत नाहीत. अशा यंत्रांसाठी पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसविणे हा व्यवहार्य पर्याय आहे. मात्र लिनक्सही सर्व जुन्या यंत्रांना कायम सांभाळते, असे समजणे चुकीचे ठरेल. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिट डेस्कटॉपसाठीच्या इन्स्टॉलरची प्रतिमा बंद केली व ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने जुन्या ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर देणे थांबविले. ज्या ३८६ वर्गातील यंत्रासाठी लिनक्स जन्मले, त्या वर्गाचा असा निरोप घेतला गेला.

निष्कर्ष :

१. जीपीएलच्या स्वीकारामुळे लिनक्स वितरित करणारे मध्यस्थ निर्माण झाले व स्थापना सुलभ होण्याचा पाया घातला गेला.
२. स्थापना सुलभ झाली ती कामे कमी झाल्याने नव्हे, तर त्यासाठीचे ज्ञान इन्स्टॉलरमध्ये साठविले गेल्याने.
३. प्रचलित गृहीतक १९९० च्या दशकापुरते ग्राह्य आहे. पुढील काळात विक्रीपूर्व स्थापना, विनापरवाना प्रती व अध्यापनातील सवय हे घटक अधिक प्रभावी ठरले.
४. देवनागरीचे प्रश्न सुटल्याखेरीज मराठी वापरकर्त्याला समान संधी मिळणे शक्य नव्हते. हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवी श्रमांतून झाले.

समारोप :

या निष्कर्षांतून महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक जबाबदारी सूचित होते. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सविषयीचे ध्वनिचित्र पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने कायम लिनक्सच वापरावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु पदवी घेण्यापूर्वी एकदा तरी त्याने प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर कार्यप्रणाली स्वतः स्थापन करावी, विभाग पाडताना थांबून विचार करावा व पहिल्या पडद्यावर मराठी निवडून पाहावी. यंत्रासोबत जे मिळाले तेच एकमेव नाही, हे त्याला त्या तासाभरात जेवढे कळेल, तेवढे व्याख्यानातून कळणार नाही. तसेच आपल्या विभागांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या फ्लॉपी, सीडी व मार्गदर्शिका रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नोंद करून ठेवावी. उद्याच्या इतिहासकारास त्या अस्सल साधने म्हणून उपयोगी पडतील.